सीपॅनेलमधलं 'रिसोर्स युसेज': हिरवी पट्टी बघून खुश होऊ नका

तीन स्टार द्यावेत का चार यात घोळ होता म्हणून साडेतीन देतोय. सीपॅनेल म्हणजे होस्टिंग सांभाळायचं पॅनेल, त्यात 'मेट्रिक्स' नावाच्या भागात 'रिसोर्स युसेज' म्हणून एक आयकॉन असतो, शेअर्ड होस्टिंगवाल्या, म्हणजे एकाच सर्व्हरवर दुसऱ्यांच्या साईटबरोबर साईट ठेवणाऱ्या निम्म्या लोकांनी तो कधी उघडलेला नसतो आणि उरलेल्यांनी उघडून 'काही प्रॉब्लेम नाही' असं वाचून बंद केलेला असतो. हा रिव्ह्यू त्या एका पेजचा आहे, होस्टिंग कंपनीचा नाही. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण जिथं जिथं सीपॅनेलच्या खाली क्लाऊडलिनक्स नावाची सर्व्हरची सिस्टीम चालते तिथं हे पेज थोड्याफार फरकाने असंच दिसतं, आणि ते वाचायचं कसं हे कळलं तर कंपनी कुठलीही असू दे, फायदा तुमचाच.

मी सोलापुरात दुकानदार लोकांच्या साईट सांभाळतो. चादरी-टॉवेलवाले, शेंगाचटणी कुरिअरने पाठवणारे, शाळेचे युनिफॉर्म शिवणारे, जुळे सोलापूरचे क्लासवाले असं सगळं गिऱ्हाईक. यांना महिन्याला हजारो रुपयांचा वेगळा सर्व्हर नको असतो, परवडला तरी नको असतो, 'साईटवरून दिवसाला चार ऑर्डरी येतात त्याला एवढा खर्च कशाला' हा त्यांचा हिशोब आहे आणि तो बरोबर आहे. म्हणून सगळे शेअर्ड होस्टिंगवर. आणि शेअर्ड होस्टिंग म्हटलं की एक दिवस फोन येतोच, 'ओ सर, साईट उघडना की ओ, गिऱ्हाईक म्हणलालेत लिंक खोटी हाय.'

आता हे पेज मुळात सीपॅनेलचं नाहीच. सीपॅनेल १९९६ पासून आहे, पण एकाच सर्व्हरवर शेकडो साईट ठेवल्या आणि त्यातल्या एकीने सगळा सीपीयू खाल्ला तर बाकीच्या सगळ्या झोपतात, हे दुखणं शेअर्ड होस्टिंगला पहिल्यापासून. २०१० मधे क्लाऊडलिनक्स आलं, त्यांनी प्रत्येक अकाऊंटला एका कप्प्यात टाकलं, त्या कप्प्याला एलव्हीई म्हणतात, आणि प्रत्येक कप्प्याला सीपीयू किती, मेमरी किती, डिस्कचा वेग किती याची हद्द घालून दिली. त्यामुळं शेजारच्याच्या साईटवर दंगा झाला तरी तुमची चालते, आणि तुमच्याकडं दंगा झाला तर फक्त तुमचीच पडते. रिसोर्स युसेज पेज म्हणजे त्या कप्प्यात काय चाललंय याची नोंद. तुमच्या सीपॅनेलमधे हा आयकॉनच नसेल तर बहुतेक होस्टकडं क्लाऊडलिनक्स नाही किंवा त्यांनी तो लपवलाय, दोन्ही गोष्टी विचारून घ्यायच्या लायकीच्या आहेत.

पेजवर सहा गोष्टी दिसतात. सीपीयू, फिजिकल मेमरी, आयओ म्हणजे डिस्कवर वाचण्या-लिहिण्याचा वेग, आयओपीएस म्हणजे सेकंदाला किती वेळा वाचलं-लिहिलं, एंट्री प्रोसेस म्हणजे एका क्षणाला पीएचपीच्या (मागणी आली की पान तयार करणाऱ्या प्रोग्रामच्या) किती विनंत्या चालू आहेत, आणि नंबर ऑफ प्रोसेस म्हणजे एकूण किती प्रोसेस चालू आहेत. क्लाऊडलिनक्सचे मुळातले आकडे असे असतात की सीपीयू १०० टक्के म्हणजे एक कोर, मेमरी १ जीबी, आयओ सेकंदाला १ एमबी, आयओपीएस १०२४, एंट्री प्रोसेस २०, प्रोसेस १००. होस्ट आपापल्या प्लॅनप्रमाणे ते कमी-जास्त करतात, पण स्वस्तातल्या प्लॅनवर हेच किंवा याच्या आसपासचे आकडे बघायला मिळतात. गंमत अशी की जाहिरातीत 'अनलिमिटेड बँडविड्थ, अनलिमिटेड वेबसाईट' मोठ्या अक्षरात आणि हे सहा आकडे कुठंतरी तळाला, नाहीतर कुठंच नाही. साईट पडते ती या सहा आकड्यांमुळं, बँडविड्थ संपून साईट पडली असं आपल्याकडच्या दुकानदाराच्या बाबतीत मी तरी बघितलेलं नाही.

आणि यातला प्रत्येक आकडा वेगळ्या पद्धतीने दुखतो, हे पेज तुम्हाला कुठंच नीट सांगत नाही. सीपीयू किंवा आयओची हद्द गाठली तर साईटवर एरर येत नाही, नुसती रेंगाळते, पांढरं पान गोल गोल फिरत बसतं आणि गिऱ्हाईक 'तुमचं नेट स्लो आहे का' असं विचारतं. एंट्री प्रोसेसची हद्द गाठली तर ५०८ नंबरची एरर येते, 'रिसोर्स लिमिट इज रीच्ड' असं स्वच्छ लिहिलेलं. मेमरी किंवा प्रोसेसची संख्या संपली तर ५०० नाहीतर ५०३. म्हणजे गिऱ्हाईकाला फोनवर एकच विचारायचं, 'अण्णा, स्क्रीनवर आकडा काय दिसतोय, स्क्रीनशॉट टाका की', आणि अर्धं निदान तिथंच होतं. साईट स्लो आहे आणि साईट बंद आहे या दोन वेगळ्या तक्रारी आहेत, लोक दोन्हीला 'बंद पडली' म्हणतात.

आता मूळ मुद्दा, म्हणजे पेज उघडल्या उघडल्या जे दिसतं ते. गेल्या चोवीस तासात हद्द कुठं गाठली नसेल तर एक ओळ येते की चोवीस तासात काही अडचण आली नाही. हिरवं सगळं. पण ही फक्त मागच्या चोवीस तासांची गोष्ट आहे. दुकानदार शनिवारी साईट पडली ते सोमवारी सांगतो, तोपर्यंत पट्टी हिरवी झालेली असते आणि तुम्ही त्याला 'सर्व्हर तर ओके आहे' म्हणता. 'करंट युसेज' या टॅबवर जायचं, वरती टाईमफ्रेम आहे तिथं आठवडा किंवा तीस दिवस निवडायचं, आणि मग ग्राफ. नाव करंट युसेज असलं तरी जुनं सगळं तिथंच आहे, हे नाव कुणी ठेवलं देव जाणे.

ग्राफमधे दुसरी गोम. रेष असते ती सरासरीची. समजा संध्याकाळी दोन मिनिटं वीसच्या वीस एंट्री प्रोसेस भरल्या, लोकांना एरर आल्या, आणि पुढची अठ्ठावन्न मिनिटं साईटवर चिटपाखरू नाही. तासाची सरासरी काढली तर ती येते ०.६७. वीसच्या हद्दीपुढं पाऊणसुद्धा नाही! ग्राफ बघून कुणीही म्हणेल की हद्द फार लांब आहे, आणि त्याच तासात पन्नास माणसं एरर बघून परत गेलेली असतात. म्हणून 'टाईम युनिट' तासावरून मिनिटावर आणायचं, आणि ग्राफपेक्षा टेबल उघडायचं. टेबलात सरासरी, हद्द आणि फॉल्ट असे कॉलम असतात. फॉल्ट म्हणजे हद्दीला डोकं आपटलं किती वेळा. मी आता सरासरी बघतच नाही. शून्यापेक्षा मोठा फॉल्ट कुठल्या मिनिटाला आणि कशाचा एवढंच बघतो, बाकीचं रंगकाम आहे.

गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसात चाटी गल्लीतल्या आमच्या एका मालकांनी चादरींवर संक्रांतीची ऑफर काढली. होम मैदानावर गर्दी, शहरात पाहुणे, आणि यांनी ऑफरची लिंक व्हॉट्सॲपच्या सगळ्या ग्रुपवर एकदम टाकली, नातेवाईकांनी पुढं टाकली, समाजाच्या ग्रुपवर गेली. व्हॉट्सॲपची गर्दी सर्चच्या गर्दीसारखी दिवसभर पसरून येत नाही, लिंक पडली की पुढच्या दहा मिनिटात सगळे दाबतात आणि मग शांत. टेबलात मिनिटाच्या युनिटवर बघितलं तर रात्री साडेनऊच्या सुमाराला एंट्री प्रोसेसच्या फॉल्टची रांग लागलेली, त्याच्या आधी आणि नंतर शून्य. दिवसाच्या ग्राफवर मात्र नुसता एक छोटा उंचवटा. मालक म्हणाले, 'म्हणजे वीसच माणसं बघू शकतात होय साईट? मग काय उपयोग?'

हा गैरसमज एवढा पसरलाय की यावर जरा थांबतो, कारण बऱ्याच होस्टच्या चॅटवरची पोरंसुद्धा असंच सांगतात. वीस एंट्री प्रोसेस म्हणजे वीस माणसं नव्हेत. एकाच क्षणाला वीस पीएचपीच्या विनंत्या चालू असू शकतात असा त्याचा अर्थ. हॉटेलात वीस टेबलं आहेत म्हणून दिवसात वीसच माणसं जेवतात का? टेबल किती वेळ अडतं त्यावर आहे. पान अर्ध्या सेकंदात तयार होत असेल तर वीस जागांवर सेकंदाला चाळीस पानं निघतात, पान चार सेकंद घेत असेल तर पाचच. आणि स्वयंपाकी एकच आहे, म्हणजे सीपीयूचा एक कोर, त्यामुळं वीसजण एकदम बसले की प्रत्येकाचं ताट उशिरा येतं, टेबलं जास्त वेळ अडतात, आणि दारात उभा असलेला एकविसावा परत जातो. तो परत जाणं म्हणजे ५०८. त्यामुळं फॉल्ट जरी एंट्री प्रोसेसच्या कॉलममधे दिसला तरी त्याच मिनिटाला सीपीयूचा कॉलम बघा, तो १०० ला टेकलेला असेल तर मूळ दुखणं सीपीयूचं आहे, म्हणजे साईट जड आहे, आणि एंट्री प्रोसेस वीसच्या तीस करून घेतल्या तरी आत वाट बघणारे फक्त वाढतील. हे कारण-परिणामाचं नातं पेज दाखवत नाही. सहा ग्राफ एकाखाली एक मांडून ठेवलेत, उभी रेघ मारून त्याच मिनिटाचे सहाही आकडे एकत्र दाखवायला काय हरकत होती? अर्धा स्टार याचा कापला.

त्या चादरीच्या साईटला कॅशे प्लगइन, म्हणजे एकदा तयार झालेलं पान साठवून तेच सगळ्यांना देणारी जोडणी, होतं पण ऑफरचं पान त्यातून वगळलेलं, कारण किंमती 'लाईव्ह' दिसाव्यात म्हणून कुणीतरी कधीतरी टिक काढून ठेवलेली. टिक परत लावली, पान तयार स्वरूपात जायला लागलं, पीएचपी जागंच होत नाही म्हटल्यावर एंट्री प्रोसेसमधे ते मोजलंही जात नाही. कार्ट आणि चेकआऊट कॅशे करायचं नसतंच, तिथं प्रत्येकाचं पान वेगळं असतं, पण शंभरातले ऐंशी-नव्वद नुसते चादरी बघून जाणारेच की.

हेच उलट्या बाजूने बघायचं असेल तर आमच्या क्लासवाल्या सरांची साईट. त्यांच्या टेस्टचा निकाल पीडीएफ करून टाकतात आणि पोरं-पालक सगळे एकदम तुटून पडतात. गर्दी चादरवाल्यापेक्षा जास्त, पण एंट्री प्रोसेसचा ग्राफ ढिम्म हलत नाही. कारण पीडीएफ, फोटो, सीएसएस या तयार फायली वेब सर्व्हर परस्पर देऊन टाकतो, त्या हद्दीत धरत नाहीत. सरांनी मधे एकदा 'रोल नंबर टाका आणि निकाल बघा' असं काहीतरी करून द्या म्हणून मागणी केली होती, मी त्यांना हा ग्राफ दाखवला आणि पीडीएफच राहू द्या म्हटलं.

आता या पेजमधली खरी कमाईची गोष्ट, तिसरा टॅब, 'स्नॅपशॉट'. पूर्ण तीन स्टार मी एकट्या याला दिलेत. हद्दीला डोकं आपटलं की त्या क्षणाचा फोटो काढून ठेवला जातो, त्यात त्या वेळी कुठल्या प्रोसेस चालू होत्या, डेटाबेसवर कुठल्या क्वेरी चालू होत्या आणि कुठली पानं मागितली जात होती, असे तीन भाग. वरती तारीख निवडायची, मग वेळांची यादी येते, एकेक उघडून बघायची. सगळ्या फॉल्टचा फोटो असेलच असं नाही, पण जेवढे असतात तेवढे पुरतात.

युनिफॉर्मवाल्यांची साईट जूनच्या तोंडावर रोज दुपारी आचके द्यायची. सीझन आहे, गर्दी आहे, असंच सगळे धरून चालले होते, मालकसुद्धा मनातून खुश की एवढं गिऱ्हाईक येतंय. स्नॅपशॉट उघडला आणि पानांची यादी बघितली तर एकाखाली एक सगळी शॉपचीच पानं. एकात रंग नेव्ही ब्लू, साईज २८, सॉर्ट किमतीने. खाली रंग नेव्ही ब्लू, साईज ३०, सॉर्ट किमतीने. त्याखाली तेच पण सॉर्ट नवीन आधी. असं शेवटपर्यंत. आता कुठली आई मुलाचा शर्ट घ्यायला बसली आणि तिने क्रमाने सगळे रंग सगळ्या साईजशी लावून बघितले? हा बॉट होता, म्हणजे आपोआप पानं चाळत फिरणारा प्रोग्राम. आठ रंग, चार साईज, सहा प्रकारचं सॉर्टिंग म्हटलं तरी १९२ पानं होतात, आणि एका वेळी दोन-दोन रंग निवडता येत असतील तर आकडा हजाराच्या घरात जातो. प्रत्येक पत्ता वेगळा, त्यामुळं कॅशेला ते प्रत्येक वेळी नवीन पान वाटतं आणि पीएचपी, डेटाबेस सगळं पहिल्यापासून कामाला लागतं. गिऱ्हाईक मोजकंच, हा एकटा पाहुणा सगळी जागा अडवून बसलेला.

स्नॅपशॉटमधे पान दिसतं, पण ते मागणारा कोण हे नसतं, त्यासाठी सीपॅनेलमधलं 'रॉ ॲक्सेस' उघडून लॉग उतरवून घ्यायचा आणि त्याच मिनिटाच्या ओळी बघायच्या, शेवटी यूजर एजंट, म्हणजे मागणाऱ्याने सांगितलेलं स्वतःचं नाव, लिहिलेला असतो. कुठल्यातरी एसइओ टूलचा (सर्चमधे साईट वर आणायला वापरतात त्या टूलचा) बॉट निघाला. रोबोट्स फाईलमधे, म्हणजे बॉटसाठीच्या सूचनांच्या फाईलमधे, फिल्टरच्या पानांना मनाई लिहिली, जे सभ्य बॉट असतात ते ऐकतात. तिथं 'क्रॉल डिले', म्हणजे दोन पानांच्या मधे थोडं थांब, असं लिहून काम भागेल असं समजू नका, गूगलचा बॉट ती ओळ मानतच नाही. आणि जो कशालाच जुमानत नाही त्याला एचटीॲक्सेसमधून (वेब सर्व्हरच्या नियमांच्या फाईलमधून) सरळ ४०३, म्हणजे 'प्रवेश नाही', देऊन दारातूनच परत. हे परत पाठवणं वेब सर्व्हर स्वतः करतो, पीएचपीपर्यंत जात नाही, म्हणून तो दिवसभर दार वाजवत बसला तरी एंट्री प्रोसेस भरत नाहीत. दुपारचे फॉल्ट गेले. मालकांना सांगितलं तेव्हा ते थोडे नाराजच झाले, गिऱ्हाईक नव्हतं म्हणून.

शेंगाचटणीवाल्यांकडं वेगळाच प्रकार. त्यांचा मुलगा पुण्यात असतो, तो रात्री जेवणानंतर ऑर्डरी बघायला बसायचा आणि म्हणायचा की ॲडमिन उघडतच नाही. एरर काही नाही. सगळे कॉलम बरे, फक्त आयओचा ग्राफ रात्री एका ठराविक वेळी वर जायचा आणि हद्दीवर सपाट, वरून पट्टीने कापल्यासारखा. ग्राफला असं सपाट डोकं दिसलं की समजायचं, काहीतरी मोठं काम हद्दीत अडकलंय. स्नॅपशॉटच्या प्रोसेसमधे काही कळेना म्हणून प्लगइनच्या सेटिंगमधे गेलो तर बॅकअप प्लगइन रोज रात्री अख्ख्या साईटची झिप करत होतं. चटणीचे फोटो, आणि ते मोबाईलमधून काढून जसेच्या तसे टाकलेले, एकेक पाच-सहा एमबीचा. सेकंदाला १ एमबीच्या वेगाने ६०० एमबी वाचायलाच दहा मिनिटं, शिवाय झिप लिहायची तेही त्याच हद्दीतून. तेवढा वेळ बाकीच्यांनी रांगेत थांबायचं. बॅकअप पहाटेवर ढकलला, रोजचा आठवड्यावर आणला, फोटो बारीक केले. होस्टचा स्वतःचा बॅकअप असेल तर प्लगइनचा रोज कशाला, असं माझं मत आहे, पण चटणीवाल्या काकूंना रात्री झोप लागावी म्हणून आठवड्याचा ठेवलाय.

वर्डप्रेसवाल्यांसाठी अजून दोन नेहमीचे गडी, स्नॅपशॉटमधे सारखे भेटणारे. एक डब्ल्यूपी-क्रॉन, हे वर्डप्रेसचं वेळेवर कामं करायचं तंत्र आहे पण ते घड्याळावर चालत नाही, कुणी साईटवर आलं की त्याच्या पाठोपाठ चालतं, म्हणजे गर्दी असली की नेमकं तेव्हाच. कॉन्फिग फाईलमधे ते बंद करायचं आणि सीपॅनेलच्या क्रॉन जॉब्समधे दर पंधरा मिनिटांनी लावायचं. दुसरा ॲडमिन-एजॅक्स, एडिटची खिडकी समोर उघडी असली की वर्डप्रेस दर काही सेकंदाला सर्व्हरला विचारत राहतं, दुकानातली तीन पोरं एकदम प्रॉडक्ट भरायला बसली की तेही जाणवतं. यावर जास्त लिहीत नाही.

मेमरीचं मात्र एक सांगायला हवं, कारण तिथं लोक उलटंच करतात. पीएचपीच्या सेटिंगमधे 'मेमरी लिमिट' असतं, साईट मेमरीला कमी पडतेय म्हटलं की लोक ते २५६ वरून ५१२ करतात. ते एका प्रोसेसपुरतं आहे. कप्प्याची एकूण मेमरी १ जीबीच राहते. एकेक प्रोसेस शंभर एमबी खात असेल तर दहाच प्रोसेसमधे १ जीबी संपतं, एंट्री प्रोसेस वीस मिळाल्यात त्या कागदावरच. रिसोर्स युसेजमधे फिजिकल मेमरीच्या कॉलमला फॉल्ट दिसत असतील तर प्लगइन कमी करा, आकडा वाढवून काही होत नाही.

एक गोष्ट या पेजवर भरवशाने दिसत नाही पण साईट बंद पाडू शकते, ती म्हणजे फायलींची संख्या. सीपॅनेलच्या बाजूच्या स्टॅटिस्टिक्सच्या पट्टीत 'फाईल युसेज' बघा. प्रत्येक फाईल, प्रत्येक फोल्डर, आणि मेलबॉक्समधलं प्रत्येक मेल धरून मोजलं जातं. एमआयडीसीतल्या एका गिऱ्हाईकाच्या इन्फोच्या मेलबॉक्सवर वर्षानुवर्षं फक्त स्पॅम येऊन साठलेला, कुणी उघडलाच नव्हता, साईटच्या फायली त्याच्या पुढं काहीच नाहीत.

आता तक्रारी. वेळ. ग्राफवरची वेळ सर्व्हरची असते, आणि आमच्या सर्व्हरवर ती यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, आहे. सोलापुरात रात्रीचे साडेनऊ म्हणजे तिथं दुपारचे चार. मालक म्हणतात रात्री पडली, ग्राफ म्हणतो रात्री काहीच झालं नाही, आणि तुम्ही दोघांपैकी कुणावर विश्वास ठेवायचा? साडेपाच तास मिळवायचे हे भिंतीवर लिहून ठेवा. सर्व्हर भारतात असला तरी वेळ भारतातली असेलच असं नाही, आधी तपासून घ्यायचं.

अलर्ट. फॉल्ट झाले की अकाऊंटवाल्याला मेल पाठवायची सोय क्लाऊडलिनक्समधे आहे, पण ती होस्टने चालू केली तरच, तुमच्या हातात बटण नाही. त्यामुळं हे पेज तुम्हाला बोलवत नाही, तुम्हीच जाऊन बघायचं. मी दर सोमवारी सकाळी सगळ्यांची तीस दिवसांची टेबलं चाळतो, चहा होईपर्यंत होतं. मोबाईलवर हे काम करू नका, टेबल आडवं जातं आणि कुठला कॉलम कशाचा ते कळेनासं होतं.

आणि सपोर्ट. हा पेजचा दोष नाही पण पेजशी बांधलेला आहे म्हणून लिहितो. चॅटवर जाऊन 'साईट स्लो आहे' म्हटलं की एकच उत्तर, 'सर, युवर वेबसाईट इज कन्झ्युमिंग हाय रिसोर्सेस, काईंडली अपग्रेड.' नाव, गाव न विचारता. युनिफॉर्मवाल्यांच्या वेळी मला असाच दुप्पट किमतीचा प्लॅन सुचवला गेला होता. तिथं स्नॅपशॉटमधली वेळ, पानांचे पत्ते आणि कुठल्या कॉलमला किती फॉल्ट एवढं चिकटवून टाकलं की बोलण्याची पद्धत बदलते, वरच्या माणसाकडं तिकीट जातं. एकाने तर मलाच विचारलं की हे तुम्ही कुठून काढलं! तुमच्याच पॅनेलमधून, साहेब.

अपग्रेड कधीच करू नये असं नाही. कॅशे चालू आहे, बॉट हाकललेत, प्लगइन कमी केलेत आणि तरीही खऱ्या गिऱ्हाईकाच्या वेळेला, म्हणजे कार्ट आणि चेकआऊटच्या पानांवर, सीपीयूचे फॉल्ट आठवडाभर दिसतायत, तर पैसे टाका, धंदा वाढलाय. चादरवाल्या मालकांना मी पुढच्या संक्रांतीला एका महिन्यापुरता वरचा प्लॅन घ्या म्हणणार आहे, ऑफरच्या वेळी चेकआऊटवरच गर्दी होते आणि तिथं कॅशे कामाचा नाही.

नवीन होस्टिंग घेणार असाल तर चॅटवर डिस्क आणि बँडविड्थ विचारूच नका. एंट्री प्रोसेस किती, मेमरी किती, आयओ सेकंदाला किती एमबी, फायलींची हद्द किती, आणि रिसोर्स युसेजमधे स्नॅपशॉटचा टॅब दिसतो का, एवढंच विचारा. आकडे लेखी द्यायला टाळाटाळ केली तर तिथं पैसे भरू नका. डायरेक्टॲडमिन किंवा प्लेस्कवाला (ही सीपॅनेलसारखीच दुसरी पॅनेलं) होस्ट असेल तरी खाली क्लाऊडलिनक्स असेल तर हेच आकडे मिळतात, मांडणी वेगळी असते. आणि स्वतःचा व्हीपीएस, म्हणजे भाड्याचा वेगळा आभासी सर्व्हर, असेल तर हा आयकॉन बहुतेक नसेलच, तिथं टर्मिनल उघडून एचटॉप (चालू प्रोसेस दाखवणारा प्रोग्राम) बघा, तो वेगळा विषय आहे आणि त्याला स्टार द्यायला मी अजून बसलेलो नाही.